इंदूकाकूंचं सोवळं

नर्सिंगच्या शिक्षणात सगळं शिकवतात. हात कसे धुवायचे, नाडी कशी मोजायची, जखमेला जंतू लागू नयेत म्हणून काय काय करायचं. पेशंटच्या बायकोला कसं आवरायचं हे मात्र कुणी शिकवत नाही. तो धडा मला पंचवटीत, एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, इंदूकाकूंनी शिकवला. शिकवताना माझं रक्त इतकं आटवलं, की आजही त्यांची आठवण काढायची म्हटलं की आधी स्वतःचं बीपी तपासून घ्यावंसं वाटतं.

मी घरोघरी जाऊन पेशंट बघते. आधी बरीच वर्षं वॉर्डात काढली. मग गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा स्कूटर घेतली आणि हे काम धरलं. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाची लघवीची नळी. सकाळभरात बरीच घरं होतात. काकूंचं घर त्यातलंच एक, पण ते एकटं घर बाकीच्या सगळ्या घरांचा वेळ खायचं.

पेशंट होते काकूंचे मिस्टर. त्यांना सगळी पंचवटी गुरुजी म्हणायची. सत्तरी ओलांडलेली, आवाज खणखणीत, जन्मभर गंगेवर श्राद्धं सांगितलेली. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. गुरुजींना साखरेचा आजार जुना, त्यानं पायांची जाणीव गेलेली, आणि घाटावर वावर अनवाणी. एका उन्हाळ्यात तापलेल्या दगडावर उभं राहून संकल्प सांगत होते, तेव्हा उजव्या पायाचा अंगठा खालून भाजला आणि त्यांना कळलंच नाही. कळलं ते काकूंना, घरातल्या फरशीवर उमटलेल्या ओल्या डागांवरून. सर्जननी जखम साफ केली आणि रोजच्या ड्रेसिंगला मला पाठवलं.

पहिल्या दिवशी मी बेल वाजवली. दार नुसतं लोटलेलं होतं, ते ढकललं आणि आतून आवाज आला, "तिथंच थांब. मी सोवळ्यात आहे."

काटकुळ्या अंगाची, रेशमी नऊवारी नेसलेली बाई स्वयंपाकघराच्या दारात हात अंगाशी धरून उभी होती. घर नवं. लिफ्ट, ग्रॅनाइटचा ओटा, सगळं काही. आणि त्या ओट्याच्या वर छताला टांगलेली वळणी, म्हणजे बांबूची आडवी काठी, तिच्यावर सोवळ्याची वस्त्रं वाळत घातलेली. ती हातानं काढायची नाहीत, दुसऱ्या काठीनं काढायची. सोवळ्यात असताना काकूंना कुणी शिवायचं नाही, आणि काकू दुपारच्या जेवणापर्यंत सोवळ्यातच असायच्या. सून पुण्याला राहते ती काही उगाच नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात मनात म्हणून घेतलं.

मला आधी वाटलं, हे सगळं माझ्यासाठी आहे. आम्ही मखमलाबादचे माळी. वडिलांनी भाजी पिकवली, आई अजून पंचवटीच्या बाजारात टोपली घेऊन बसते. कोण कुणाला शिवतं आणि कोण शिवत नाही, हे आमच्या घरात कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी ताठच झाले. पण दुसऱ्याच दिवशी काकूंची सख्खी बहीण भेटायला आली, तिलाही काकूंनी "लांब हो" म्हणून दारापाशी बसवलं. तेव्हा माझा राग थोडा दोघींत वाटला गेला. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ती काकू व्हय? वळखते ना मी तिला. मेथीची जुडी आधी नळाखाली धरती, मंग पिशवीत घालती. भाजीला अंघोळ घालणारी बाजारात ती एकलीच हाय. लय खट."

तर या खट बाईच्या घरात मला रोज ताप, नाडी, श्वास आणि बीपी बघायचं होतं. आमच्यात यांना मिळून 'व्हायटल्स' म्हणतात. माणूस जिवंत आहे का, आणि किती जोरात जिवंत आहे, ते यावरून कळतं. सुरुवात थर्मामीटरनं झाली.

"तोंडात?" काकू लांबून म्हणाल्या. "उष्टा होईल तो."

"स्पिरिटनं पुसते ना, काकू."

"उष्टं पुसून जात नाही. आणि आज सकाळपासून कुणाकुणाच्या तोंडात जाऊन आलाय?"

या प्रश्नाला माझ्याकडं खरं उत्तर होतं, पण ते मी दिलं नाही. थर्मामीटर काखेत लावला. दुसऱ्या दिवशी जावयाच्या वेगळ्या ताटासारखा गुरुजींचा वेगळा थर्मामीटर आला आणि देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात जाऊन बसला. बीपीचा पट्टा तर ओवळ्यातला ओवळा. गुरुजींची पूजा आणि जेवण झाल्याशिवाय तो दंडाला लावायचा नाही. म्हणजे ड्रेसिंग सकाळी आणि बीपीला दुपारी परत एक हेलपाटा. भरपेट जेवण झाल्याबरोबर मोजलेलं बीपी काय लायकीचं असतं, हे मी काकूंना तीन प्रकारे समजावून सांगितलं. काकूंनी तिन्ही प्रकार शांतपणे ऐकून घेतले आणि पट्टा दाराबाहेर ठेवायला सांगितला.

श्वासाची कथा आणखी वेगळी. पहिल्या दिवशी मी भोळेपणानं म्हटलं, "गुरुजी, आता श्वास मोजते हं." गुरुजींनी लगेच पाठ ताठ केली, डोळे मिटले, उजव्या हाताची बोटं नाकाला लावली आणि प्राणायाम सुरू केला. एक श्वास आत गेला तो गेलाच. मी घड्याळाकडं बघत बसले. मिनिटात तीन श्वास भरले. वॉर्डात कुणाचे तीन श्वास भरले तर आम्ही ऑक्सिजनकडं धावतो.

"गुरुजी, नेहमीसारखा घ्या."

"माझा नेहमीचा हाच आहे," गुरुजी म्हणाले.

"खोटं," काकू आतून म्हणाल्या. "झोपेत घोरतात."

यावर आमच्याकडं जुना उपाय आहे. मनगट सोडायचं नाही, नाडी मोजतोय असंच दाखवायचं, आणि नजर हळूच छातीवर न्यायची. पेशंटला पत्ता लागत नाही आणि श्वास खरे मिळतात. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "नाडी मनगटात असते ना गं? मग छातीकडं काय बघतेस?" झालं. गुरुजींची पाठ ताठ, बोटं नाकाला. माझं उरलेलं काम त्या दिवशी तासभर मागं पडलं.

पण हे सगळं परवडलं असतं. खरा कहर एका एकादशीला झाला. ड्रेसिंगच्या गॉझची, म्हणजे जाळीदार कापडाच्या घड्यांची बंद पाकिटं मी आठवडाभराची एकदम आणून तिथं एका डब्यात ठेवायची. त्या दिवशी डबा उघडला तर रिकामा. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान होतं, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. त्यांनी घासून लख्ख केलेला स्टीलचा डबा माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि त्या मागं सरकल्या. आत माझ्या सगळ्या गॉझच्या घड्या, पाकिटांतून काढलेल्या, नीट एकावर एक रचलेल्या.

"कारखान्यात कुणी कुणी हात लावले असतील, काय सांगावं," काकू म्हणाल्या. "म्हणून सगळ्या गंगेच्या पाण्यातून काढल्या आणि वळणीवर सोवळ्यात वाळवल्या. आता निर्धास्त वापर."

"सगळ्या?"

"सगळ्या. काल संध्याकाळी त्यांची पट्टी भिजली होती, तर यातलीच एक मी बांधली."

मी ओरडले. मी ओरडते हे माझ्या सगळ्या पेशंटना माहीत आहे, पण त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं ते बघायला वर आल्या. "काकू, ही पाकिटं जंतू मारून बंद केलेली असतात. एकदा उघडलं की आतल्या कापडाला फक्त निर्जंतुक केलेल्या वस्तूनंच शिवायचं. नुसत्या हातानं मीसुद्धा शिवत नाही. चिमट्यानं उचलते, बघता ना तुम्ही रोज? हे माझं सोवळं आहे, काकू. तुम्ही ते विटाळलंत."

शब्द तोंडातून गेला आणि मला वाटलं, आता ही बाई मला हाकलणार. आयुष्यात कुणी त्यांना असं म्हटलं नसेल. पण काकू होत्या तिथंच खाली बसल्या. खालच्या बाई परत गेल्या.

"पाणी गंगेचं होतं गं," काकू म्हणाल्या.

"गंगेत अख्खं नाशिक अंघोळ करतं, काकू."

 काकूंनी विचारलं, "तुमच्यात सोवळं मोडलं तर काय करतात?"

"सगळं फेकतात आणि पहिल्यापासून सुरू करतात."

"मोडणाऱ्याला प्रायश्चित्त?"

"काही नाही. भोगतो तो पेशंट."

"हे बरं नाही," काकू म्हणाल्या. "आमच्यात ज्यानं मोडलं तो भोगतो."

मला वाटलं, सुटले. उलट माझा छळ तिथून सुरू झाला. माझ्या कामातही सोवळं असतं हे एकदा पटल्यावर काकूंनी ते माझ्याकडून काढून स्वतःकडं घेतलं. मी ड्रेसिंगला बसले की त्या चार हात लांब उभ्या राहायच्या आणि त्यांची नजर माझ्या कोपरांवर असायची. कोपर पडद्याला लागलं, "गेलं. पुन्हा धू." घसरलेला चष्मा मनगटानं वर सारला, "गेलं." पिशवीत फोन वाजला आणि मी नुसतं तिकडं बघितलं, तर म्हणाल्या, "मनानं गेलीस. पुन्हा धू." मनाचा विटाळ आमच्या कुठल्याही पुस्तकात नाही, हे मी सांगून बघितलं. साबणानं हात धुऊन धुऊन माझ्या बोटांची सालं निघाली आणि पुढच्या पेशंटची मुलं फोनवर मला टोचून बोलायला लागली.

एकदा सर्जन स्वतः जखम बघायला आले. मोठा माणूस, शब्दाला धार, वॉर्डात असताना आम्ही त्यांच्या बुटांच्या आवाजानं सरळ व्हायचो. ते फोनवर बोलतच आत आले, फोन खिशात टाकला आणि पायाशी वाकले. काकू मध्ये उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, फोन तोंडाशी लावलेला. उष्टा असतो तो. हात धुवा."

सर्जननी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. त्यांनी बेसिनवर हात धुतले आणि खिशातून रुमाल काढून पुसले.

"रुमाल खिशातला," काकू म्हणाल्या. "गेलं."

त्यांनी पुन्हा हात धुतले, जखम बघितली, खाली गेले आणि गाडीत बसल्यावर मला फोन केला. "सिस्टर, त्या घरी मी पुन्हा येणार नाही. ताप, नाडी, जखमेचा फोटो, रोज मला पाठवा. जे सांगायचं ते तुम्हाला सांगेन." काकूंचा मुद्दा बरोबर होता, मान्य. पण बरोबर मुद्द्यानं डॉक्टर तुटला, त्याचं काय करायचं? आता गुरुजींच्या पायाची सगळी भिस्त मी पाठवत असलेल्या आकड्यांवर आली. हे मी काकूंना स्पष्ट सांगितलं. "तुझे आकडे बरोबरच असतात की," त्या म्हणाल्या.

मग पितृपक्ष आला. गुरुजींची सगळ्यात धावपळीची वेळ. सर्जननी घाटावर जायला साफ बंदी केलेली, म्हणून श्राद्ध करायला आलेली माणसंच घरी यायला लागली. गुरुजी पाय बाजूला लांबवून पाटावर बसायचे आणि मंत्र सांगायचे. काकू पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाकाला लागायच्या. वडे, खीर, आमसुलाची चटणी. मी त्या गर्दीतून वाट काढत ड्रेसिंग करून जायची. ताप रोज नॉर्मल. मी तसं सर्जनना कळवत होते आणि ते "छान" म्हणून उत्तर पाठवत होते.

एका सकाळी मी गुरुजींचं मनगट धरलं आणि नाडी बोटाखाली पळत होती. थर्मामीटर म्हणत होता ताप नाही. सवयीनं माझी नजर छातीवर गेली. श्वास भराभर चालले होते. मी बघतेय हे गुरुजींना दिसलं असणार, पण त्यांनी पाठ ताठ केली नाही, बोटं नाकाला नेली नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली. उघडी पाठ घामानं भिजलेली. पट्टी सोडली तर कालपर्यंत बरी दिसणारी जखम कडांनी फुगलेली, आणि वास.

"काकू, यांना ताप येतोय का?"

"थर्मामीटर काय म्हणतो?"

"तो मी बघितला. मी तुम्हाला विचारतेय."

काकू वळल्या आणि चुलीकडं, म्हणजे गॅसकडं गेल्या. मी मागोमाग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. काकूंनीच मला एकदा सांगितलं होतं, की सोवळ्यात खोटं बोललं तर तो स्वयंपाक नैवेद्याला चालत नाही. तेव्हा मी मनात हसले होते.

"काकू, सोवळ्यात आहात ना? मग सांगा."

खिरीतला डाव थांबला. "पहाटे येतो," त्या माझ्याकडं पाठ करूनच म्हणाल्या. "थंडी वाजून येतो. तू यायच्या आधी गोळी देते मी, मग उतरतो."

"कधीपासून?"

"पौर्णिमेपासून."

म्हणजे मी पाठवलेला ताप रोज चुकीचा होता. गोळीनं दबलेला ताप. या बाईनं माझ्या कोपराला पडदा लागू दिला नव्हता आणि माझा आकडा मात्र रोज न चुकता विटाळला होता. मला ओरडायचं होतं, पण बाहेर माणसं पानावर बसायची होती.

"का, काकू?"

"ताप दिसला की तू डॉक्टरला सांगणार. डॉक्टर बोट कापणार. शरीरात व्यंग आलं की हे पाटावर बसणार नाहीत. दुसरे बसत असतील, हे नाही बसायचे, मी ओळखते. माणूस जगेल गं. पण गुरुजी कुठून आणू मी?"

"आणि बोट वाचवताना पाय गेला म्हणजे? पायामागून माणूस गेला म्हणजे?"

काकूंनी गॅस बंद केला. खीर तशीच ठेवून, सोवळ्याच्या साडीनं त्या रिक्षात बसल्या. गुरुजींचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. मी स्कूटरवर मागून येताना त्या रिक्षाला, गंगेला, पितरांना आणि स्वतःच्या नशिबाला मनात येईल ते बोलत होते.

हॉस्पिटलात सर्जननी पाय बघितला. संसर्ग हाडात गेलेला, अंगठा आणि शेजारचं बोट आजच काढायला हवं, उशीर केला तर पाऊल. "अमावास्या होऊ दे," गुरुजी म्हणाले. पण दुपारनंतर त्यांचं बोलणं भरकटायला लागलं. तिथी चुकीची सांगायला लागले, नर्सला यजमान समजून गोत्र विचारायला लागले. त्यांची सही घेण्यात अर्थ उरला नाही. सर्जन कागद घेऊन काकूंकडं आले. त्यांनी त्या दिवशीची आठवण काढली नाही, मला वाटतं, ते हातही धुऊनच आले होते.

काकू व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. बाजूला कुणाचं मूल बिस्किट खात त्यांच्या साडीला हात पुसत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.

"सिस्टर," त्या मला म्हणाल्या, "माझ्या त्या धुतलेल्या पट्टीनं झालं का गं हे?"

"सांगता येत नाही, काकू. आधीपासूनच आत असेल. डॉक्टरांनाही सांगता येणार नाही."

"नाही म्हण की."

मी नाही म्हटलं नाही. मला येत नाही तसं बोलायला. काकूंनी थोडा वेळ वाट बघितली, मग सर्जनकडं हात पुढं केला आणि सही केली.

गुरुजी वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पायाकडं बघितलं, मग सही कुणी केली ते विचारलं, आणि त्यानंतर ते काकूंशी बोलले नाहीत. घाटावरचे इतर गुरुजी भेटायला आले. "कोण काय म्हणतंय, बसा तुम्ही," असं सगळ्यांनी सांगितलं. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि आपली सगळी कामं पुतण्याच्या हवाली केली.

माझी रोजची फेरी चालूच होती, आणि आता तिच्यात नवा वैताग आला. "सिस्टर, हिला सांगा, पाणी हवंय." काकू हाताच्या अंतरावर उभ्या. "सिस्टर, त्यांना सांग, जेवणाआधीची गोळी राहिली." मी एकदा दोघांनाही सुनावलं, की मी नर्स आहे, पोस्टमन नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण पट्टी भिजली की आता काकू मला फोन करायच्या, हात लावायच्या नाहीत. पहाटे ताप बघून तो जसा असेल तसा सांगायच्या. जखम भरत आली ती त्या बाईच्या नजरेखालीच, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. शेवटच्या दिवशी पट्टी सोडली तर पाय कोरडा, स्वच्छ.

"गुरुजी, झालं. उद्यापासून मी येणार नाही."

"हिला सांगा," गुरुजी म्हणाले.

"ऐकलं म्हणावं," काकू म्हणाल्या.

मी जिना उतरून खाली आले तेव्हा इतकं हलकं वाटलं, की लिफ्ट होती हेही विसरले.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, आईला डबा द्यायला बाजाराकडं निघाले होते. घाटाजवळ रिक्षांनी रस्ता अडवलेला, म्हणून स्कूटर कडेला लावली. खाली पायऱ्यांवर गुरुजी दिसले. प्लास्टिकच्या खुर्चीत, साधा सदरा-लेंगा, पायात डॉक्टरांनी करून दिलेली जाड चप्पल. समोर पुतण्या पाटावर बसून कुणाचं तरी श्राद्ध सांगत होता. तो अडला की गुरुजी खुर्चीतून पुढचा शब्द पुरवत होते. खुर्चीशेजारच्या पायरीवर एक बाई फुलाफुलांची गोल साडी नेसून कागदातला भेळभत्ता खात होती. मी दोनदा बघितलं. काकू होत्या.

मी पायऱ्या उतरून खाली गेले. "काकू, तुम्ही? उघड्यावरचं?"

"खाऊन बघ. बरा लागतो," काकू म्हणाल्या. "ही सगळी वर्षं नुसता वास घेत आले."

"आणि सोवळं?"

"ते पाटावर बसायचे म्हणून मी सोवळ्यात उभी असायची. आता ते खुर्चीत बसतात. मी कुणासाठी नेसू?"

"देवासाठी?"

"देवाला काय, तो कसाही जेवतो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तोंड का पाडलंस? तुला तर किती वैताग यायचा."

"यायचाच."

"मग झालं तर."

मला आनंद व्हायला हवा होता. या बाईनं एक दिवस तरी हे सगळं सोडावं म्हणून मी काय काय बोलले होते. आता सोडलं तर मला वाटलं, हिला दंडाला धरून घरी न्यावं, वळणीवरची ती रेशमी साडी काठीनं खाली काढावी आणि म्हणावं, नेसा, काकू, आणि मला लांब उभं करा. इतका राग आला मला. कुणावर ते अजून कळलेलं नाही.

समोर श्राद्ध आटोपलं. माणसं उठली. गुरुजींनी खुर्चीचे हात धरले आणि उठायला गेले, पण अंगठा नसलेला पाय जमिनीला नीट धरेना. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. मी पुढं झाले.

"अगं," गुरुजी म्हणाले. मला नाही. काकूंना.

काकूंनी कागदाचा बोळा केला, हात पदराला पुसले. "गेलं" म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी गुरुजींच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि भर दुपारी, ओळखीच्या सगळ्या घाटासमोर, गुरुजींनी आपला अख्खा भार त्यांच्या खांद्यावर टाकला. दोघं पायऱ्या चढायला लागले. प्रत्येक पायरीला काकू आधी "हं" म्हणत, आणि मग गुरुजी पाय उचलत.